वटारच्या ओकाचा हिवाळा

ओक म्हटलं की आमच्या वसईजवळच्या वटारमध्ये निम्म्या लोकांना आडनाव आठवतं. आमच्या ह्यांनी, म्हणजे हरिश्चंद्रांनी, तर पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कुठले हे ओक, पुण्याचे का?" मी म्हटलं, आडनाव नाही हो, विलायती झाड आहे. सात वर्षांपूर्वी आमची लेक रेवा लंडनहून आली तेव्हा तिच्या कोटाच्या खिशात टोपीवाल्या तीन बिया होत्या. दोन कुजल्या, एक रुजली. केळी आणि चाफा आमच्या वाडीत आहेच, त्यात काय मोठंसं? पण ओक, तोही बोन्साय, तो माझ्या एकटीकडे होता. तार गुंडाळून फांद्या वळवल्या, शेंडे खुडले, आणि सात वर्षांत हातभर उंचीचं म्हातारं दिसणारं झाड उभं केलं.

फक्त ते दरवर्षी खंगत चाललं होतं. मागच्या मार्चमध्ये मी ते वसईच्या बोन्साय प्रदर्शनात नेलं तेव्हा त्यावर मोजून चार पानं होती. मंडळाचा प्रमुख धवल, माझ्या मुलाच्या वयाचा, कुंडीभोवती एकदा फिरला आणि म्हणाला, "काकू, सॉरी, पण ओक इथे होत नाही. त्याला थंडीत झोप लागते आणि आपल्याकडे थंडीच नाही. पुढच्या वर्षापर्यंत हे जगणार नाही." एवढं बोलून त्याने माझी कुंडी जिन्याखाली नेऊन ठेवली, लोकांनी चपला काढल्या होत्या तिथे.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुंडी उचलली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की पुढच्या मार्चमध्ये हे झाड ह्याच हॉलमध्ये मधल्या टेबलावर असेल, नाहीतर ही मंदा चुरी परत कात्री हातात धरणार नाही. बोलून गेले. घरी येईपर्यंत पस्तावले होते, कारण तो पोरगा खरं बोलत होता.

तोड काढली कमळीने. कमळी तांडेल अर्नाळ्याची, वीस वर्षं आमच्या दारात मासळी घेऊन येते. बोंबील साफ करता करता तिने माझी सगळी बडबड ऐकली आणि म्हणाली, "थंडीच पायजे ना, मंदाबाय? मग बर्फात ठेव की. आमी काय करतो दुसरं?"

मी आधी हसले, आणि रात्रभर तोच विचार केला.

डिसेंबर लागला तशी झाडाची उरलेली पानं खुडली. कमळीने मासळीची थर्माकोलची मोठी पेटी आणली. तळाला भोक पाडलं, विटांवर कुंडी ठेवली, चारी बाजूंनी बर्फाचा चुरा भरला आणि वर झाकण. रोज सकाळी कमळी अर्नाळ्याहून बर्फ आणायची, मी पेटी भरायचे. हे येताजाता विचारायचे, "पापलेट काय म्हणतंय?" मी म्हणायचे, झोपलंय, हळू बोला.

चाळीस दिवस असे गेले. मग पालघरला भाचीचं लग्न निघालं. दोन दिवस पेटी कमळीवर सोपवली.

परत आले, झाकण उघडलं आणि मातीवर पांढरे खडे दिसले. बोटाने उचलून जिभेवर ठेवले. मीठ होतं.

"गारवा वाढावा म्हनून टाकलं," कमळी म्हणाली. "मासळीला टाकतोच ना आमी. तू नव्हतीस, थंडी कमी पडली असती झाडाला."

तिचा काही दोष नव्हता. वीस वर्षं जे हात करतात तेच त्यांनी केलं. पण ते मला आत्ता सुचतंय. तेव्हा मी म्हणाले, "माझं झाड खारवलंस तू. पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नकोस." तिने पाटी उचलली आणि गेली.

खाऱ्या पाण्याने वाडी कशी मरते ते आम्हाला कोणी शिकवायला नको. खार लागला की गोडं पाणी सोडायचं, वाहून जाऊ द्यायचं, पुन्हा सोडायचं. मी झाड कुंडीतून उपसलं. सात वर्षांत मी मुळांना कधी हात लावला नव्हता, लाडकं झाड दुखावेल म्हणून. आणि काय बघते तर मुळं कुंडीच्या भिंतीला गोल गोल आवळून बसलेली, शेवयांचा गठ्ठा नुसता. वरच्या थराखाली मातीचा कण शिल्लक नव्हता. झाड थंडीवाचून खंगत होतं हे खरं, पण माझ्या लाडाने गुदमरतही होतं.

संध्याकाळपर्यंत विहिरीच्या पाण्याने मुळं धुतली. मग छातीवर दगड ठेवून त्यांचा तिसरा हिस्सा कापून टाकला. नवी माती भरली, झाड पुन्हा बर्फात ठेवलं, बिनमिठाच्या. आता बर्फ आणायला मीच अर्नाळ्याला जायचे, कमळी बसते तो बाजार टाळून.

जानेवारी सरला तेव्हा झाड बाहेर काढलं. वीस दिवस काहीच नाही. हेसुद्धा थट्टा करेनासे झाले. एकविसाव्या दिवशी प्रत्येक फांदीच्या टोकाला तांबूस डोळे फुगलेले दिसले. आठवड्यात झाड पानांनी भरलं. कोवळी, नक्षीदार, मोजता येईनात इतकी पानं. मी ओट्यावर बसून ढसाढसा रडले. मग तोंड धुतलं आणि थेट अर्नाळ्याच्या बाजारात गेले.

मी जन्मात कोणाची माफी मागितलेली नव्हती. कमळीसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "चुकले मी. तुझ्या मिठाने मला मुळं दाखवली. चल, बघायला ये."

ती गिऱ्हाइकाला सुटे देत राहिली. मान वर न करताच म्हणाली, "जगलं ना? मग झालं."

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही दोघींनी कुंडी धरून हॉलमध्ये नेली. धवल पुढे आला. गुडघे टेकून त्याने खोड पाहिलं, पानं उलटून पाहिली. मग उठला, मधल्या टेबलावरचा स्वतःचा वड उचलून बाजूला नेला आणि म्हणाला, "काकू, इथे ठेवा. मी चुकलो." मी त्याला बर्फाचं सांगितलं, मिठाचंही सांगितलं. तो वहीत लिहून घेत होता.

दुपारी त्याने माईक हातात घेतला. "यंदाचं सर्वोत्कृष्ट झाड, ओक. घडवणाऱ्या कलाकार, अर्नाळ्याच्या कमळी तांडेल आणि वटारच्या मंदा चुरी."

टाळ्या थांबेनात. कमळीने माझा दंड घट्ट धरला आणि कानाशी म्हणाली, "चुकला तो. पयलं नाव माझं घेतलं."

"चुकला नाही," मी म्हणाले. "नावांची चिठ्ठी मीच लिहून दिली होती."