रंभाचा ताप

"खुर्ची डोमाले द्या रे," वारलू म्हणाला, आणि फारूकच्या दुकानातली एकमेव धड खुर्ची हातोहात पुढे आली.

डोमा संकोचला. कुरखेड्यात तो वीस वर्षं सायकलवरून मासळी विकत होता, पण या दुकानाचा उंबरा त्याने परवाच पहिल्यांदा ओलांडला होता. एरवी सायकल बाहेर आणि तो सायकलीपाशी. आपल्या अंगाला वास असतो, लोकांना नको वाटतं, हे त्याला कोणी सांगावं लागत नसे. आज त्याने दोनदा साबण लावून आंघोळ केली होती. बायको, इंदिराबाई, धान बांधायला मजुरीवर गेली होती, म्हणून इस्त्रीचा शर्ट त्याने स्वतःच पेटीतून शोधून काढला होता. तो खुर्चीच्या टोकाशी बसला.

फारूकचं दुकान रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं. त्यातच एसटीडीचा फोन. परवा दुपारी त्याच फोनवर थेट बँकॉकहून रंभाचा आवाज आला होता. "बाबा, मोठ्या गोलकीपरचं बोट मोडलं. उद्या मी खेळून राह्यली. मले भेव वाटते." डोमाने "भेऊ नको" म्हणेपर्यंत फोन कटला होता. मग डोमाने काय करावं? तलावावर सांगितलं, मच्छीमार संस्थेत सांगितलं, न्हाव्याकडे सांगितलं, ज्यांच्याकडे मासळी टाकली त्या प्रत्येक दारात सांगितलं. आशियाई खेळांत भारताच्या पोरींचा फुटबॉल, आणि गोलात आपली रंभा. सामना काल झाला होता. आज चार वाजता दूरदर्शनवर त्याची झलक दाखवणार होते. वीसेक माणसं दुकानात दाटीवाटीने उभी होती. संस्थेचा सचिव वारलू पुढे, आणि डोमाबरोबर एकाच जाळ्याला हात लावणारा झिंगू त्याच्या मागे.

"काय रे डोमा, एवढीशी पोट्टी अन् विमानात बसली म्हणते?"

"मामानं शिकवली तिले. बल्लारपूरला," डोमा म्हणाला. "तिथी खाणीच्या कालनीत मैदान हाये. बारा वर्साची होती तवापासून."

"अन् गोलातच काऊन उभी करतेत?"

"हात चांगले हायेत तिचे. लहानपणी बोडीतल्या गाळात हातानं मासा धरे."

"वा!" वारलू म्हणाला. "म्हणजे ढिवराच्या हातानं देशाची इज्जत राह्यणार."

फारूकने टीव्हीच्या पाठीत पेचकस घालून काहीतरी फिरवलं. मुंग्या गेल्या, हिरवं मैदान आलं. निळ्या कपड्यांतल्या आपल्या पोरी. अर्ध्या चड्ड्या बघून मागे कोणीतरी खिदळलं, कोणीतरी त्याला गप्प केलं. पिवळ्या शर्टातली पोरगी गोलात उभी होती. तोंड काही दिसत नव्हतं, केसही कापलेले. पण गुडघे जरा वाकवून, हात उघडे ठेवून ती अशी उभी होती, जशी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहतात. डोमाने ओळखलं.

तेवढ्यात पहिला गोल झाला.

"होते, होते. लय टाइम हाये अजून," झिंगू म्हणाला.

लगेच दुसरा झाला. झलकच ती, मधलं काही दाखवत नव्हते. चेंडू आला की आत. दुकानात चुळबुळ सुरू झाली. तिसऱ्या वेळी चेंडू सरळ तिच्या हातांवर आला, हातांतून निसटला, आणि मागे जाळ्यात जाऊन पडला.

"ढिवराचीच पोरगी हाये लेको!" वारलू ओरडला. "जाळ्यात आलेलं एकही बाहेर जाऊ देत नाई!"

दुकान हसून फुटलं. कोणी गुडघ्यावर थाप मारली, कोणी "बाप्पा!" म्हणून पोट धरलं. झिंगूही हसला. आणि डोमाही हसला. खुर्चीच्या टोकाशी बसून, त्यांच्याएवढंच मोठ्याने. हसता हसता तो उठला आणि म्हणाला, "अरे, ते माही रंभा नोहे."

हसणं थांबलं.

"नोहे?"

"नोहे ना. दुसरी हाये ते. रंभाले ताप आला. परवा फोन आला होता तिचा, तवाच सांगतलं तिनं. माह्या तोंडून निंगालं नाई. नाई का, फारूकभाई?"

फारूकच्या हातात पेचकस तसाच राहिला. परवा फोन त्यानेच उचलला होता, त्यानेच डोमाच्या हातात दिला होता, आणि दोन हातांच्या अंतरावर उभा राहून सगळं ऐकलं होतं. त्याने डोमाकडे पाहिलं. मग नजर काढून घेतली.

"हां," तो म्हणाला. "फोन आया था."

पडद्यावर पिवळ्या शर्टातली पोरगी शर्टाच्याच टोकाने तोंड पुसत होती. तिने शर्ट खाली केला तेव्हा डोमा रस्त्यावर पोचला होता. सायकलीचं कुलूप दोनदा किल्ली फिरवूनही उघडेना.

अंधार पडल्यावर तो घरी आला, पण इंदिराबाईला बातमी त्याच्याआधी पोचली होती. ती दारातच उभी होती. "ताप आला म्हणे पोरीले? मले सांगतलं नाई?" तो हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? गावाला सांगितलेलं घरात वेगळं सांगायला जीभ वळली नाही.

नऊ दिवसांनी रंभा एसटीतून उतरली. बँड ठरला होता तो रद्द झाला होता, पण झेंडूचा एक हार वारलूने आणला होता. "खेळली नाई त काय झालं? विमानात त बसली!" असं तो सगळ्यांना सांगत होता. डोमा पुढे झाला आणि त्याने आधी तिच्या खांद्यावरची निळी बॅग काढून घेतली.

वारलूने हार घातला. "काय वो बाई, उतरला का मंग ताप?"

"कोणता ताप?" असं रंभा म्हणाली नाही. म्हणणार होती, ओठ तसे झाले होते. मग तिने बापाकडे पाहिलं. डोमा बॅगेच्या पट्ट्याला पडलेली गाठ सोडवत होता. त्या गाठीइतकं महत्त्वाचं जगात काही नाही, असा.

"उतरला," रंभा म्हणाली.

घरी इंदिराबाईने तिला खाटेवरून उठू दिलं नाही. तीन दिवस तांदळाची पेज. "परक्या मुलखात पोरीले ताप, अन् पाजाले कोणी नाई," असं म्हणत ती वाटी पुढे करी, आणि मैदानावर दीड तास गोल राखणारी धडधाकट पोरगी भिंतीला टेकून निमूट पेज पिई. चौथ्या दिवशी माय म्हणाली, तापाचा नवस बोलली होती, माताबाईला नारळ फोडायचा. नारळ डोमालाच आणावा लागला, आणि त्यालाच फोडावा लागला. खोबऱ्याचा तुकडा त्याने रंभाच्या हातावर ठेवला. तिने खाल्ला. तेव्हा सांगायचं होतं. त्याने सांगितलं नाही.

पुढे त्याने बाजाराची वाट बदलली. फारूकच्या दुकानावरून जायचं टाळून तो मागच्या गल्लीने सायकल काढी. एकदा फारूकनेच त्याला गल्लीच्या तोंडाशी गाठलं. "डोमाभाऊ, उस दिन टीवी का पिक्चर बराबर नहीं था. मेरे को भी ठीक नहीं दिखा." माणूस भला. त्याने दार उघडून दिलं होतं, पण त्या दारातून बाहेर पडायचीही डोमाला लाज वाटली. त्याने सायकलीच्या टोपलीतला चांगला वाघूर मासा काढून फारूकला दिला, पैसे घेतले नाहीत, आणि घरी येईपर्यंत ह्या गोष्टीची त्याला आणखी वेगळी लाज वाटत राहिली. दोनेक वर्षांनी फारूक दुकान आवरून मुलाकडे गडचिरोलीला गेला. फोन ऐकलेला एकमेव माणूस गावातून गेला, आणि डोमाला सुटल्यासारखं वाटलं. तेही त्याला आवडलं नाही.

रंभा पुन्हा कधी देशाकडून खेळली नाही. तो एकच सामना. तिला एका आश्रमशाळेत क्रीडाशिक्षिकेची नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. ताप मात्र गावात वाढत राहिला. आधी तो साधा होता, मग मलेरिया झाला, मग डोक्यात गेला. पुढच्या पिढीतली पोरं सांगत, की रंभाताई तिथल्या दवाखान्यात आठ दिवस बेशुद्ध होती आणि शुद्धीवर आल्यावर पहिलं "बॉल कुठी हाये?" म्हणाली. रंभा समोर असली तर ऐकून हसायची. डोमा उठून बाहेर जायचा, बैल नसलेल्या गोठ्यात काहीतरी शोधायचा. बाप-लेकीत त्यावर आठ वर्षांत अवाक्षर झालं नाही.

दोन हजार सातच्या जानेवारीत तिच्या शाळेत क्रीडा संमेलन होतं. मुलींचा फुटबॉल तिने पहिल्यांदाच बसवला होता. गावातली जाणती माणसं शाळेच्या जीपने नेली. वारलू आता सरपंच, म्हणून पाहुणा. डोमा त्याच्या शेजारी दुसऱ्या रांगेत. इंदिराबाई दोन वर्षांपूर्वी गेली होती. तापावर विश्वास ठेवूनच गेली.

मुख्याध्यापकांनी माईक हातात घेतला. "आपल्या रंभा मॅडम थेट बँकॉकपर्यंत पोचल्या होत्या. दुर्दैवाने ऐनवेळी आजारी पडल्या, म्हणून मैदानात उतरू शकल्या नाहीत. मुलींनो, यातून शिका. तब्येत सांभाळा!"

रंभा मैदानाच्या कडेला खाली बसून एका छोट्या पोरीच्या बुटाची नाडी बांधत होती. तिने वर पाहिलंही नाही. डोमाने तिचा चेहरा पाहिला. माताबाईच्या नारळाचं खोबरं खातानाचाच तो चेहरा. रागाचा नाही, दुःखाचाही नाही. दुसऱ्याचं ओझं उचलून उभं असलेल्या माणसाचा.

"खेळली," डोमा म्हणाला.

कोणाला ऐकू गेलं नाही. तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. "खेळली होती ते!"

"डोमा, बस," वारलूने धोतर ओढलं.

"तिले ताप नव्हता. टीव्हीत गोलात होती ते रंभाच होती. मी खोटं बोललो."

"अरे, तूच त सांगतलं होतं फारूकच्या दुकानात! आमी बीसेक जण होतो ना!"

"मीच सांगतलं. तुमी हसून राह्यले होते. मले लाज वाटली." त्याने वारलूचा हात धोतरावरून काढला. "मीही हसलो होतो. तीन गोल पाह्यले अन् निंगून आलो. पुढं किती झाले, मले मालूम नाई."

मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणालं, "म्हातारपण." आणि मुख्याध्यापक गहिवरून माईकजवळ आले. "बघा मुलांनो, बापाचं काळीज! लेक खेळावी हे इतकं मनात होतं, की आज त्यांना ती खेळलेलीच दिसते. जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. मुलं तर हात दुखेपर्यंत वाजवत होती. डोमा मान हलवून नाही नाही म्हणत होता, आणि जितकी मान हलवी तितक्या टाळ्या वाढत होत्या. अखेर तो बसला. वारलूने त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. "होते असं," तो मायेने म्हणाला.

सामने संपले. मुलं खिचडीच्या रांगेत गेली. डोमा मैदानाच्या सिमेंटच्या पायरीवर एकटाच बसून राहिला. रंभा शिट्टी गळ्यातून काढत आली आणि एक पायरी सोडून शेजारी बसली.

"कोणी मानलं नाई," तो म्हणाला.

"नाई."

"तू त्या दिवशीच काऊन नाई सांगतलं? बसथांब्यावर?"

रंभाने शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. "तू बॅगेकडे पाहून राह्यला होता, बाबा."

पलीकडे ताटांचा आवाज होत होता. डोमा सरकून तिच्या पायरीवर आला. मग म्हणाला, "पह्यल्यापासून सांग."

"काय?"

"सामना."

रंभाला सुरुवात सापडेना. आठ वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. नवऱ्यालाही तिने तापच सांगितला होता.

"पह्यल्या दहा मिनटात मी चार अडवले," ती म्हणाली. "ते टीव्हीत नसतील दाखवले. मंग उजवीकडून एक लांब केसाची आली. मी पुढं निंगाले पाह्यजे होतं. नाई निंगाली. तो पह्यला. दुसरा आपल्याच पोरीच्या पायाले लागून वळला. तिसरा..." ती थांबली. "तिसरा माहाच, बाबा. हातात आला होता. सुटला."

"पाह्यला मी तो," डोमा म्हणाला. त्याने नजर हलवली नाही. "मंग?"

जीपचा भोंगा वाजला. वारलू पुढच्या सीटवर बसला होता, ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली. "चाला ना भाऊ! काय राह्यलं आता?"

"सहा गोल झाले होते," रंभा हळू म्हणाली. "जाय बाबा, लोक थांबले हायेत."

डोमा उठला नाही. त्याने जीपच्या दिशेने हात वर केला आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "थांबा जरा. तीन गोल राह्यले हायेत अजून."

मग तो तिच्याकडे वळला.

"हं. चौथा कसा झाला?"