मोगरीचं दावं

घोडेगावचा बाजार मागे पडला आणि गिदोन सरांच्या एकदम ध्यानात आलं. गाय विकली ती विकली, दावंही तिच्या गळ्यातच राहिलं होतं.

गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर दयाबाईंना धारा काढणं जमेना, म्हणून मोगरी विकायची ठरली. सकाळी त्यांनी नवऱ्याला एवढंच बजावलं होतं, "गाय जाऊ द्या, पन जुनं दावं घरी आना. दाव्यासंगं घराची बरकत जाती." चर्चचे पाळकसाहेब या समजुतीला हसायचे, पण दाव्याच्या बाबतीत बाई कुणाचंच ऐकत नसत. आणि सर पडले जन्मभर खडू धरलेले. बाजाराची रीत त्यांना काय कळणार, कप्पाळ!

धापा टाकत ते माघारी आले. मोगरीला न्यायचा टेम्पो अजून उभा होता. गाय घेतली होती ज्योतीनं, तिसगावच्या शाळेतल्या त्यांच्याच विद्यार्थिनीनं. आता नेवाशाला तिचा दहा गायींचा गोठा होता. मोगरीला नवं दावं लावून, जुनं हातात घेऊन ती वाटच बघत होती.

"वाटलंच मला, सर परत येनार."

सरांनी दावं घेतलं. मोगरीनं मान लांबवून रोजच्यासारखं त्यांचं कोपर चाटलं.

"चांगल्या घरी चालली. मला आनंदच आहे गं," सर म्हणाले, आणि मोगरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

ज्योती हळूच म्हणाली, "आठवीत तुमी 'हुरहूर' वाक्यात वापरायला सांगितलं हुतं. मी लिव्हलं, ताईचं लग्न झालं, लई आनंद झाला आन हुरहूर लागली. तुमी फुली मारली. म्हनले, आनंदात कसली हुरहूर?"

सरांना ती फुली आठवेना. अशा किती पोरांना मारल्या असतील, या विचारानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी दावं पाहून दयाबाईंचा चेहरा खुलला. "ज्योतीकडं सुखात ऱ्हाईल ती," म्हणत त्यांनी ते स्वतःच्या हातानं खुंटीला टांगलं.

संध्याकाळी धारेच्या वेळेला त्या चरवी घेऊन रिकाम्या गोठ्याच्या दारात उभ्या दिसल्या.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"कुटं काय. बरंच झालं की सगळं," त्या म्हणाल्या, पण तिथून हलल्या नाहीत.

सरांनी त्यांच्या हातातली चरवी घेतली. मग मोबाईल काढून ज्योतीला लिहिलं, 'तुझं वाक्य बरोबर होतं. पूर्ण मार्क.'