चौथा संपर्क

शनिवार, दिनांक ९ फेब्रुवारी २०१९, सकाळचे अकरा. स्लोव्हेनियातील चर्नी रोब या डोंगराचा माथा, उंची एक हजार पाचशे त्रेचाळीस मीटर.

डोंगरमाथ्यांवरून हौशी रेडिओ चालवणाऱ्या आमच्या मंडळींत ज्याचे हजार गुण भरतात, त्याला ‘डोंगरी बोकड’ म्हणतात. येर्नेय ह्रिबारला त्यासाठी हे एकच शिखर उरले होते. सोमवारी त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती, आणि पुढे डोंगर चढता येईल असे डॉक्टरांनी म्हटले नव्हते. शिखर जमेस धरायला माथ्यावरून चार जणांशी रेडिओवर संपर्क व्हावे लागतात. वहीत तीन होते. चौथ्यासाठी तो पाऊण तास हाका देत होता. कोटाच्या आत उबेला ठेवलेली बॅटरीही आता मान टाकू लागली होती.

“मी खाली जाऊन तुला हाक देते,” त्याची बायको बोयाना म्हणाली. परवाना तिच्याकडेही होता. खिशात छोटा रेडिओ होता.

“माथ्यापासून निदान पंचवीस मीटर खाली, नाहीतर संपर्क धरत नाहीत. उंचीने, चालून नव्हे.”

“तीस वर्षं ऐकतेय. चहा संपवू नकोस.”

ती धुक्यात दिसेनाशी झाली. वीस मिनिटांनी तिचा आवाज आला.

“कुठे आहेस?” येर्नेयने विचारले.

“वाटेवरच्या पाटीच्या खाली.”

“किती खाली?”

“पुरेशी खाली आहे रे बाबा! लिही आता, बोटं गळून पडतील माझी.”

त्याने चौथी ओळ लिहिली. बॅटरी तेवढ्यावर संपली. बोयाना वर आली. दोघांनी अँटेनाची तार गुंडाळली आणि ते उतरू लागले.

तिच्या पाऊलखुणा पाटीपर्यंत जात होत्या आणि तिथूनच मागे वळत होत्या. खाली निळ्या बर्फाचा उतार होता. पाटीवर उंची लिहिली होती: १५२०.

येर्नेय थांबला.

“तेवीस,” तो म्हणाला.

“बर्फावरून घसरले असते तर शंभर झाले असते! दोन मीटर, येर्नेय. तेवढी तर माझी उंचीच धर.”

“तुझी उंची वरच्या दिशेला जाते. त्याने एकवीसच होतात.”

“कोण बघायला येणार आहे इथे?”

त्याने हातमोजा काढला, वही उघडली आणि चौथ्या ओळीवर सरळ रेघ मारली.

“शिखर झालं नाही.”