झिलूमामाचं पत्र, रक्षाचं अक्षर

सरहद्दीवर लढाई पेटली त्या आठवड्यात छावणीतल्या सगळ्या जवानांचे मोबाइल जमा झाले. विनोदला त्याचं फार वाईट वाटलं नाही. नंदिगड्ड्याच्या पलीकडच्या आमच्या वाडीत रेंज येतेच कुठे? त्यानं पत्रं लिहायला घेतली. आईला, म्हणजे पुतळीला, एक पान. शेजारच्या झिलूमामाला चार पानं.

झिलूमामाला लिहिता-वाचता येत नव्हतं. वाचायची त्याची मुलगी रक्षा, आणि मामा सांगेल तसं उत्तर लिहायचीही तीच. लग्नाच्या मुलीला परक्या पोरानं पत्र धाडायची आमच्याकडे रीत नाही. मुलीच्या बापाला धाडलं तर कोण नको म्हणतंय?

पत्रात सगळे प्रश्नच असत. कणगीचे कंद लावले का? कुठल्या उतारावर? माती किती ओढली? रानडुकरं कुठल्या वाटेनं येतात आणि हाकलता कशी?

"ह्यो हितंच वाढला न्हवं?" मामा म्हणायचा. "डुकरं हाकलायची ठावं न्हाईत, आन बंदूक कशी दिली ह्याच्या हातात?"

"इचारलंय तर सांगा की," रक्षा म्हणायची आणि वहीचं पान फाडायची.

तिचं अक्षर कणगीच्या वेलासारखं, काठी धरून वर चढणारं. तिसऱ्या पत्राला तिच्या ध्यानात आलं, की विनोद फक्त लांबलचक उत्तरांचेच प्रश्न विचारतो. 'सगळं ठीक?' असं त्यानं कधीच विचारलं नव्हतं. त्या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देता आलं असतं.

पण एवढ्या प्रश्नांत तिला हवा तो प्रश्न नव्हता. आणि रविवारी रामनगरचे पाहुणे तिला बघायला येणार होते. मुलाचं खताचं दुकान, स्वभाव शांत, दुकानात रेंज भरपूर. मामाला स्थळ पसंत होतं. लढाईवरच्या माणसाला घरगुती काही कळवू नये, असं त्याचं मत होतं. डुकरं घरगुती नसावीत.

लिहून झालं की मामा सगळं वाचून घ्यायचा. वाचताना एखादी ओळ गाळता आली असती, पण चोरून घालणं रक्षाला नको होतं. त्या मंगळवारी रक्षानं वाचलं. माती, वेल, डुकरं हाकलायला टांगलेला डबा, तो वाजवायची दोरी. मग त्याच आवाजात, "रामनगरचे लोक रविवारी रक्षाला बघायला येणार. तुझं काय म्हणणं आहे ते कळवावं."

मामा सुपारी कातरत होता. कातरतच राहिला.

"ह्ये मी सांगितलं न्हाई."

"न्हाई. मी लिवलं."

"खोड."

"खोडलं तर दिसतंया. तिकडं सायेब पत्रं उघडून बघत्यात. काय लपवलं म्हणून इचारतील."

सुपा धरणात बापाची जमीन बुडाल्यापासून मामाला सरकारशी कागदावर भानगड नको होती.

"मग वर लिव. डुकरांच्या खाली घातलंस तर त्यो तिथवर वाचायचा न्हाई."

"वाचतोय त्यो. सगळं वाचतोय."

मामानं अडकित्ता खाली ठेवला. चार पानांचा अर्थ त्याला आत्ता लागला.

दुसऱ्या दिवशी तो रामनगरला जाऊन सांगून आला, की एक कागद लष्करात गेलाय, उत्तर आल्याबिगर येऊ नका. लष्कर म्हटल्यावर दुकानवाल्यांनी जास्त विचारलं नाही.

उत्तराला सतरा दिवस लागले. मधले चार दिवस बातम्यांत विनोदच्याच ठाण्याचं नाव येत होतं. त्या चार दिवसांत रक्षानं एका वाफ्यातलं तण दोनदा काढलं. दुसऱ्या खेपेला तिथं तण नव्हतं.

उमाजी पोस्टमननं लिफाफा मामापुढं धरला आणि मागं घेतला. "तुमचं न्हाई, मामा. पोरीचं नाव हाय."

रक्षानं उंबऱ्यातच फोडलं. पाव पान होतं.

"काय म्हणतोय?"

"रजा मिळंल तवा येतो म्हणतोय. तवर कुणाला शबुद देऊ नका म्हणतोय."

"आन?"

"आन बाकीचं मला लिवलंय." तिनं घडी घालून कागद कमरेला खोचला.

मामानं टोपी घातली आणि कुंपण ओलांडून पुतळीकडं गेला. तिनं पाट दिला, चहा ठेवला. मग दोघंही चहा उकळायची वाट बघत बसली. तीस वर्षं शेजारी काढली होती, पण विहीण-व्याह्यांनी काय बोलायचं असतं, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.