पंढरीनाथच्या पलंगाखालची मोटर

माझ्या थोरल्या नातीचं, दिव्याचं, लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे दोन हजार तेवीस साली, निकेतने मासळीसाठी टेम्पो घेतला. निकेत माझा मुलगा. लग्न मे महिन्यात झालं, टेम्पो जूनच्या पहिल्या आठवड्यात उत्तनला दारात आला, आणि तो आत ठेवायचा तर गाळ्याचं दार उघडत नव्हतं. पूर्वीची लाकडी दारं बाहेरच्या बाजूला उघडायची. समोरचा रस्ता काँक्रीटचा होऊन हातभर वर आला, तेव्हापासून ती दारं जमिनीला अडकून बसली होती. शटर बसवायचं ठरलं. पण शटर गुंडाळायला वर जागा लागते, आणि जागा नव्हती.

ती का नव्हती, ते सांगते.

आमचा गाळा पूर्वी चौदा फूट उंच होता. माझे मालक, उत्तम, त्यात जाळी टांगायचे, बोटीची डोलकाठी उभी करून ठेवायचे. दोन हजार नऊ साली ते गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी माझा दीर पंढरीनाथ एक कागद घेऊन आला. "वयनी, घरपट्टीचा हाय. अंगठा लाव," म्हणाला. मी लावला. तो आमच्या पिढीतला एकटा शिकलेला, सातवीपर्यंत. पावसाळा संपल्यावर गवंडी आले आणि माझ्या डोक्यावर स्लॅब पडला. तेवढ्याच उंचीत त्याला वर एक मजला बसवायचा होता, म्हणून तो स्लॅब त्याने खाली, सव्वासात फुटांवर घेतला. मी ओरडले तर त्याने तो कागद दाखवला. वरची जागा मी त्याला राजीखुशीने दिली होती.

पुढे साठाव्या वर्षी मी शाळेतल्या बायकांच्या वर्गात बसून वाचायला शिकले. शिकल्यावर पहिल्यांदा तोच कागद वाचला. चार दिवस लागले. घरपट्टी हा शब्द त्यात कुठेच नव्हता.

कोर्टात जा, असं पुष्कळांनी सांगितलं. मला कोर्ट नको होतं. स्लॅब पाडूनही नको होता. मला पंढरीनाथच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं की, वयनी, मी तुला फसवलं. ते तो बोलला नाही, म्हणून मी त्याच्याशी बोलायचं सोडलं. त्याच्या बायकोशी, सत्यवतीशी, सुद्धा. जिना बाहेरून होता, त्यामुळे एकमेकांची तोंडं पाहायचीही गरज पडत नव्हती.

तर शटर. नवघरला मितेशचं दुकान आहे, शटर आणि गेटच्या मोटरींचं. माणूस गुजराती, चाळिशीचा, बोलतो तिन्ही भाषा एकदम. तो टेप घेऊन आला, दाराच्या वरच्या कडेपासून स्लॅबपर्यंत माप घेतलं आणि हसला.

"माजी, आठ इंच. साधं शटर तर भूल जाओ. गोळा व्हायला सव्वा फूट पाहिजे. गोळा खाली लटकला तर टेम्पोचा डबा ठोकणार."

"मग काय न्हायच व्हनार?"

"होणार ना, कसं नाही होणार! पट्ट्यांचं दार येतं. वर जाऊन स्लॅबखाली आडवं झोपतं. कमी जागेसाठी त्याला डबल रूळ असतात, साडेचार-पाच इंचात काम. पण सवाल मोटरचा आहे."

मोटरी दोन तऱ्हेच्या होत्या. मितेशने दुकानात दोन्ही चालवून दाखवल्या. एक बाजूला बसायची, दाराच्या दांड्याच्या टोकाला. तिला वर जागाच लागत नव्हती, आणि आवाज पंख्याएवढा. दुसरी छताला बोल्टने टांगायची, मधोमध रूळ, त्यात चेन. ती जेमतेम बसणार होती. मितेशने बटण दाबलं तसा चेनचा खडखडाट झाला आणि शेल्फवरचे खिळ्यांचे डबे नाचायला लागले.

"तुम्हाला बाजूवालीच बेस्ट," तो म्हणाला. "ही दुसरी मी तुमच्यासारख्या जागेत देतच नाही. फिट होईल, पण घासून घासून. आणि पूरा आवाज स्लॅबमधून वर."

"वर किती जाईल?"

"अरे माजी, वरवाला झोपणारच नाही. कोण राहतं वर?"

"माझा दीर. त्याचा पलंग बरोबर मधोमध हाय."

"मग तो भांडायला येईल."

"येऊ दे की. चौदा वर्सं झाली, एकदा तरी येऊ दे."

मितेशने निकेतकडे बघितलं. निकेत म्हणाला, "आये, चांगली वस्तू सोडून हे काय घेतेस? लोक हसतील."

"टेम्पो तुझा, गाळा माझा," मी म्हटलं. "हीच बसव. आनि बोल्टखाली रबर घालतात ते घालू नको."

"रबर के बिना?" मितेशने कपाळाला हात लावला. "समजलं. घरचा मामला आहे."

दार बसलं. पहाटे पाचला टेम्पो भाईंदरच्या बाजारात निघायचा. मी स्वतः रिमोट हातात घेऊन उभी राहायची. बटण दाबलं की गाळा बोटीच्या पोटासारखा घुमायचा, भिंतीवरचा कॅलेंडरचा खिळा हलायचा. टेम्पो गेला की मी बंद करायची, मग उगाच पुन्हा उघडायची, पुन्हा बंद. निकेत म्हणायचा, मोटर जळेल. मी म्हणायची, दुसरी आणू. माझं लक्ष वर असायचं. आता पाय वाजतील, आता जिन्यावरून शिव्या येतील. तो खाली आला की मी काय बोलायचं ते माझं पाठ झालं होतं.

कोणी आलं नाही. पावसाळा गेला, गणपती गेले, बोटी परत समुद्रात गेल्या. एक दिवस पंढरीनाथ गॅलरीत दाढी करताना दिसला. चेहरा भरलेला, अंगाने चांगला. मला वाटलं होतं, डोळे खोल गेले असतील. त्या दिवशी मी दार पाच वेळा उघडलं.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी सत्यवती खाली आली. हातात ताट, त्यावर रुमाल. पंधरा वर्षांत ती माझ्या ओट्यावर चढली नव्हती. मी मासळीच्या पेट्या धूत होते, धूतच राहिले.

"जाऊबाय, सन हाय म्हनून आले. बोलू नको हवं तर. ऐक फक्त."

"बोल."

"तुझे उपकार सांगायला आलेय."

मला वाटलं टोमणा मारतेय. मी वर बघितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी.

"त्यांना ऐकू येत न्हाय, तुला म्हाईत हाय ना?"

"कोनाला?"

"आमच्या यांना. सात-आठ वर्सं झाली. तीस वर्सं बोटीच्या एंजिनावर काढली, कान गेले दोन्ही. एंजिनावरच्या सगळ्यांचेच जातात."

मी पेटी खाली ठेवली. आमच्या गावात सगळेच ओरडून बोलतात, समुद्रावरची सवय. सत्यवती वर ओरडायची ते मी रोज ऐकत होते. मला वाटायचं, भांडतायत. बरं वाटायचं.

"बोट सोडली तशी झोप गेली त्यांची," ती सांगत होती. "रातभर बसून ऱ्हायचे, घरात फिरायचे. अन्न जाईना. म्हनायचे, सगळं बंद पडल्यासारखं वाटतं. तू ही मशीन बसवलीस ना, पयल्याच दिवशी उठून बसले. लादीवर हात ठेवला. म्हनतात, सत्या, एंजिन चालू झालं! आता रोज पाचला पलंगावरून उतरून खाली लादीवर आडवे होतात. पाठ टेकून. तू दोन-दोन, तीन-तीन वेळा चालवतेस ना, हसतात लहान पोरासारखे. मग चांगले आठपर्यंत झोपतात. माझी झोप जाते, पन जाऊ दे. देव तुझं भलं करो, बाय."

ताट ठेवून ती गेली. पुरणाच्या पोळ्या होत्या. मी त्या शेजारी देऊन टाकल्या.

नऊ महिने मी त्या माणसाला रोज सकाळी झोपवत होते. स्वतःच्या हाताने, बटण दाबून.

एप्रिलमध्ये मी नवघरला गेले.

"माजी! जळली ना मोटर?" मितेश म्हणाला. "बोललो होतो."

"न्हाय जळली. ती दुसरी दाखव, बाजूची."

त्याने चालू केली. या वेळी मी कान दिला नाही. मोटर ज्या भिंतीवर होती तिच्यावर तळवा ठेवला. मुंग्या आल्यासारखं हाताला लागत होतं.

"हे वर जाईल?"

"हे? हे मुंगीला पण कळणार नाही."

"मला लागतंय म्हंजे वर पन लागनार. भिंतीला लावू नको. खाली जमिनीत लोखंडी खांब रोव, त्याला लाव. आनि स्लॅबला जिथं जिथं रूळ टांगलेत तिथं रबर घाल. डबल."

मितेश माझ्याकडे बघत राहिला. "तेव्हा रबर घालू दिलं नाही, आता डबल घालायला लावता. झगडा मिट गया क्या?"

"न्हाय," मी म्हटलं. "आता सुरू झालाय."

दोन दिवसांत काम झालं. जुनी मोटर काढून मी कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवली. नवीन दार उघडायचं तेव्हा शेजारच्या मांजरालाही पत्ता लागत नव्हता. निकेत खूष झाला. म्हणाला, "आये, हीच आधी घ्यायला पायजे होती." मी गाळ्यात स्टूल ठेवून त्यावर चढले, दार चालू असताना स्लॅबला हात लावून बघितला. गार, निश्चल. जसा दगड.

पाचव्या दिवशी सकाळी पंढरीनाथ खाली आला. बनियन, लुंगी, दाढी वाढलेली. गाळ्याच्या तोंडाशी उभा राहून त्याने वर बघितलं. जिथं चेनचा रूळ होता तिथं नुसती भोकं होती.

"वयनी," तो म्हणाला. आवाज फार मोठा, बहिऱ्या माणसाचा. पंधरा वर्षांनी. "मशीन बिघडली काय?"

मी मानेने नाही म्हटलं.

"मग काढली कशाला?"

माझं पाठ केलेलं सगळं तोंडाशी आलं, आणि ते त्याला ऐकू जाणार नव्हतं. निकेत पेट्यांवर नावं घालायला काळा मार्कर ठेवतो. मी थर्माकोलच्या पेटीचं एक झाकण घेतलं आणि त्यावर लिहिलं. माझं अक्षर मोठं आहे, वेळ लागतो. तो थांबला. मी लिहिलं: कागद घरपट्टीचा नव्हता. तू मला फसवलंस. तोंडाने कबूल कर. लगेच मशीन लावते.

ताडपत्री उचलून मी त्याला जुनी मोटरही दाखवली.

त्याने झाकण दोन्ही हातांत धरून वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटतं तिसऱ्यांदाही वाचलं. बाहेर गल्लीतून एक मोटरसायकल हॉर्न देत गेली, त्याने मान हलवली नाही. मग त्याने झाकण उलटं करून बर्फाच्या पेटीवर ठेवलं, लिहिलेली बाजू खाली.

"ऱ्हाऊ दे मग," म्हणाला, आणि जिना चढून गेला.

मी ते झाकण उचलून भिंतीला टेकवून ठेवलं, येताजाता जिन्यावरून दिसेल असं.

मे महिन्यात त्याची झोप पुन्हा गेली. ते मला वर न जाताच कळायचं. पायांचा आवाज रात्रंदिवस मधोमध, इकडून तिकडे. निकेतला कोणीतरी सांगितलं, तो माझ्यावर चिडला. "म्हातारा मानूस हाय, आये. लाव ना ती मशीन. कबूल करून तुला काय मिळनार?"

"मला कबूल करनंच मिळनार. दुसरं काय मागितलंय मी?"

"आनि न्हाय केलं तर?"

"तर त्यालाही मशीन न्हाय."

जूनच्या शेवटी सत्यवती पुन्हा आली. या वेळी ताट नव्हतं. ओट्यावर चढलीही नाही, खालीच उभी राहिली.

"जाऊबाय, खात न्हायत काही. नुसते लादीवर पडून ऱ्हातात, हात पसरून. एकदा चालव. एकदाच. पाया पडते."

"त्याला एक वाक्य बोलायला सांग. तुझ्यासमोर बोलला तरी चालेल. मी खाली ऐकते, मोठ्याने बोलतो तो."

"काय सांगू मी त्यांना? ऐकू येतं का?"

"लिहून दाखव."

"मला कुठं लिहिता येतं?" ती म्हणाली. "तू शिकलीस. मी ऱ्हायले."

मी भिंतीचं झाकण काढून तिच्या हातात दिलं. वर नेऊन दाखव म्हटलं. तिने ते नेलं. जिन्यावर तिचे पाय वाजले. मग त्याचा आवाज आला, मोठा, गल्लीभर ऐकू जाईल असा.

"न्हाय म्हनून सांग तिला!"

सत्यवती परत आली नाही. झाकणही परत आलं नाही. नंतर कळलं, तिने ते चुलीत घातलं.

त्यानंतर दहा-बारा दिवस मी रोज पाचला गाळ्यात उभी राहिले. जुनी मोटर ताडपत्रीखाली होती. मितेशला एक फोन केला असता तर संध्याकाळपर्यंत लागली असती, बोल्टची भोकं अजून स्लॅबला तशीच होती. मी फोन केला नाही. नवीन दार वर जायचं आणि आडवं झोपायचं, टेम्पो निघायचा, दार खाली यायचं. वर काही हलायचं नाही.

माझा दीर पंढरीनाथ, उत्तमचा धाकटा भाऊ, मंगळवारी नऊ जुलै दोन हजार चोवीस रोजी सकाळी सहाच्या सुमारास वरच्या खोलीत लादीवर मेला. वय अडुसष्ट.