पाठराखीण

पत्राच्या दुसऱ्या पानावर नागनाथ वाचता वाचता थांबला.

"थांबलास का? वाच," अण्णासाहेब म्हणाले.

अण्णासाहेबांची नजर गेल्यापासून नागनाथच त्यांना पत्रं वाचून दाखवी आणि ते सांगतील ती उत्तरं लिही. पालमजवळचं त्यांचं छोटं राज्य कधीच गेलं होतं. पण नात योगिनीचं लग्न राजघराण्यातच ठरलं होतं. नर्मदेकाठी, त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, विमलाराजेंच्या सासरी. लग्नाची बोलणी फोनवर करणं दोघा भावंडांना हलकं वाटे. म्हणून दिवाळीपासून पत्रं येत-जात होती. हत्ती नको, घोडा चालेल. आईसाहेबांची नथ नातीला द्यायची की सुनेकडेच ठेवायची. मागच्या पत्रात विमलाराजेंनी, लहानपणी अण्णासाहेबांनी भिंतीवर चढून पेरू आणून दिल्याची आठवण लिहिली होती. ते ऐकताना अण्णासाहेब रडले आणि वाचता वाचता नागनाथचेही डोळे भरले. आपण या घरातलेच, असं त्याला वाटायचं.

आता त्याने पुढे वाचलं.

"'योगिनीसोबत पाठराखीण हवी. आपल्या रीतीप्रमाणे ती कायमची इथेच राहील. नागनाथची लेक निकिता धडधाकट आहे, कामसू आहे. तीच द्यावी.'"

"खरंच की. आमच्या ध्यानातच नव्हतं," अण्णासाहेब म्हणाले. "लिही, निकिता दिली."

घोड्याविषयी सांगितलं होतं त्याच सुरात. आवाजात जरब नव्हती, विचारणं तर नव्हतंच. समोर बसलेल्या माणसाला आपण ओळखतो की नाही, हेच नागनाथला कळेना. मग त्याने लिहायला घेतलं.

नेहमीसारखं अण्णासाहेबांनी लिहिलेलं वाचायला सांगितलं.

"'निकिता मिळणार नाही. ती परभणीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या बापाला कुणी विचारलं नाही.'"

अण्णासाहेबांची मान एकदम वर झाली. "हे आम्ही सांगितलं नव्हतं."

"न्हाई सरकार. मी लिवलंय."

"आम्हाला वाटलं, तुला आनंदच होईल." ते खरंच गोंधळले होते.

"नोकर मी हाय, सरकार. लेक न्हाई."

अण्णासाहेबांनी कागद फाडून दुसरा घ्यायला सांगितला. नागनाथने नवा कागद त्यांच्यापुढे ठेवला, पेन त्यांच्या हातात दिलं आणि तो बाहेर पडला.

घरी न जाता त्याने परभणीची एसटी धरली. निकिता दवाखान्याच्या पायरीवर पांढऱ्या कपड्यांत धावत आली. बाप असा अचानक आलेला पाहून घाबरली. आई बरी आहे ना, म्हणून तिने दोनदा विचारलं. सहज आलो, म्हणून त्याने सांगितलं.

"बरं झालं आलाव. योगिनीताईच्या लग्नात माझी परीक्षा हाय, बाबा. मला येणं व्हायचं न्हाई, तेवढं सरकारला सांगा."

"सांगितलंय," नागनाथ म्हणाला.

आतून कुणीतरी तिला हाक मारली. ती गेली. नागनाथ पेशंटच्या नातेवाइकांत बाकावर बसून राहिला. कुणीतरी त्याला विचारलं, तुमचं कोण ॲडमिट हाय?

त्याने मान हलवली आणि वॉर्डाच्या दाराकडे बोट केलं. "लेक हाय," तो म्हणाला. "कामावर हाय."