परकं वासरू

"मागचा पाय धर गं. लाथ बसली तर उरलेले दोन दातही जातील," गोठेवाला बायकोला म्हणाला.

तांबड्या गाईचं वासरू काल मेलं होतं. त्याचं कातडं गोठेवाल्याने दुसऱ्या, आई गेलेल्या वासराच्या पाठीवर बांधलं आणि त्याला गाईजवळ सोडलं. गाईने हुंगलं. मान वळवली, पुन्हा हुंगलं. मग चाटायला लागली. वासरू लुचू लागलं.

"फसली बिचारी," बायको म्हणाली.

"पान्हा सोडला ना? झालं तर."

"जनावर ते. वासावर भुलतं. माणसाचं तसं नसतं." तिने हात पदराला पुसले. "आणि सांगून ठेवते, चहा करीन. पण त्या नवीकडून आई म्हणवून घेणार नाही."

जावई आज दुसऱ्या बायकोला पहिल्यांदाच घेऊन येणार होता. त्यांची लेक जाऊन दोन वर्षं झाली होती.

दुपारी दोघं आली. नवी खुर्चीच्या कडेला बसली, "काकू, काकू" करत कपबशा विसळायला उठली. "राहू दे," एवढंच बायको म्हणाली.

संध्याकाळी नवी गोठा बघायला आली. वारा सुटला होता आणि तिच्या अंगात पातळ कपडे होते. बायको आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा हातात लेकीचा तपकिरी स्वेटर होता.

"घाल. आजारी पडलीस तर लोक मला नावं ठेवतील."

बाह्या लांब होत्या. नवीने विचारलं, "ताईंचा ना?"

बायको गळ्याचं बटण लावायला वाकली आणि नवीच्या खांद्याशी थांबली. तिने श्वास घेतला. मग आणखी एक. गोठेवाल्याने उगाचच बादली उचलून दुसरीकडे ठेवली.

निघताना नवी स्वेटर काढू लागली.

"असू दे अंगावर. गार आहे बाहेर," बायको म्हणाली. "पुढच्या खेपेला दोन दिवस राहायला या."

"येते, आई," नवी म्हणाली आणि तोंडातून काय गेलं हे कळून तिने जीभ चावली.

"सावकाश जा," बायको म्हणाली.

गाडी दिसेनाशी झाल्यावर ती गोठ्यात आली. वासराच्या पाठीवरचं कातडं एका बाजूला घसरलं होतं. ते सारखं करायला तिने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. गाय वासराचं उघडं पडलेलं अंग चाटत होती.